औषध घरी जातं तेव्हा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची सुरुवात हात धुण्यापासून होते आणि ते योग्यच आहे. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं उतरले, ही गोष्ट प्रत्येक ट्यूटर सांगते. हात धुण्याचे पाच प्रसंग, औषध देतानाचे पाच ‘राइट’, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण न लावणं, हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस या सगळ्याबद्दल वाद नाही. २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनंतर पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या डब्यांचा तक्ता वॉर्डावॉर्डात लागला. स्किल लॅब आल्या, मॅनिकिन आले. तेही हवंच होतं.

वाद आहे तो त्यापुढचा. पेशंटला शिकवणं हा सुरक्षित शुश्रूषेचाच भाग आहे, हे पुस्तकात सगळे मान्य करतात. वॉर्डात मात्र ते वेळ उरला तर करायचं काम ठरतं. वॉर्डात बिनचूक दिलेलं औषध घरी चुकीचं घेतलं गेलं, तर सिस्टरचे पाचही ‘राइट’ वाया जातात.

इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे व्हायलमधलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं. त्याच्या सिरिंजचं टोपण लाल, १०० युनिटच्या सिरिंजचं नारिंगी. गावच्या मेडिकलमध्ये लाल टोपणाची संपली असेल तर आजींच्या हातात नारिंगी पडते. आजी वॉर्डात पाहिल्याप्रमाणे २०च्या खुणेपर्यंत औषध ओढतात. सिरिंजमध्ये येतं ०.२ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम ८ युनिट. साखर चढून त्या पुन्हा दाखल होतात आणि केस पेपरवर ‘औषध नियमित घेत नाही’ असा शेरा पडतो. उलट झालं, १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं ओढलं, तर त्याच २०च्या खुणेला ५० युनिट अंगात जातात. मग पहाटे घामानं भिजलेल्या, बेशुद्ध आजींना घेऊन घरचे धावत येतात.

हे टाळायला डिस्चार्जच्या आदल्या दिवशी थोडा वेळ काढला तरी पुरतो. विद्यार्थिनीनं व्हायल आणि सिरिंज आजींच्या हातात द्यावी. व्हायलवरचा ४० आकडा आणि टोपणाचा रंग जोडीनं दाखवावा. दुधाळ इन्सुलिन दोन तळव्यांत हळूच फिरवायचं, खळखळ हलवायचं नाही, हे करून दाखवावं. मग आपण हात मागे घ्यावेत आणि आजींना करू द्यावं. खूण दिसत नसेल तर ते तिथंच कळतं. मग सुनेला किंवा नातवाला बसवून शिकवायचं. घरी फ्रीज आहे का, नसेल तर व्हायल उन्हाच्या झळेपासून दूर, गार मडक्यात ठेवता येईल का, हेही विचारायचं. ‘समजलं ना?’ म्हटलं की पेशंट मान डोलावतो. ‘उद्या घरी कसं घ्याल ते दाखवा’ म्हटलं की खरं काय ते कळतं.

एवढ्या गर्दीच्या वॉर्डात, अपुऱ्या स्टाफमध्ये शिकवायला वेळ कुठला, असं नर्सिंग शिक्षणातली काही वजनदार मंडळी वर्षानुवर्षं म्हणत आली आहेत. त्यांनी १९७१चं बनगाव आठवावं. बांगलादेश मुक्तियुद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायच्या सोड्याचं मिश्रण पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि कसं पाजायचं ते शिकवलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. माणसं अपुरी होती म्हणूनच तिथं शिकवणं भाग पडलं.

महाराष्ट्राला तर हे परकं नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०पासून जामखेडला गावातल्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पण आपल्या अभ्यासक्रमात ही उदाहरणं सामुदायिक आरोग्याच्या धड्यात राहतात. वॉर्डच्या पोस्टिंगवर त्यांचं नाव कोणी काढत नाही.

मुंबईच्या केईएममध्ये सिस्टरांनी अरुणा शानबाग यांना १९७३पासून २०१५पर्यंत सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोर नव्हते, आणि २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या सेवेची वाखाणणी केली. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठ कोरडी ठेवणं, चादरीला सुरकुती न राहू देणं ही कामं हातांची आहेत. पक्षाघाताचा पेशंट घरी निघाला की तीच कामं त्याच्या बायकोच्या हातात द्यावी लागतात.

पूर्वी ट्यूटर खाटेशेजारी उभी राहून हेल्थ टॉक ऐकत असे आणि नंतर प्रश्न पेशंटलाच विचारत असे. आता चार्ट आणि फ्लॅशकार्ड बाहेरून तयार होऊन येतात, केस स्टडी सीनियरच्या फाइलवरून उतरते आणि गुण फाइलला मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९पासून १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षा दिन ठरवला. कॉलेजांत त्या दिवशी पोस्टर लागतात, पण पेशंटच्या खाटेशी कोणी जात नाही.

प्रॅक्टिकल परीक्षेत एवढा बदल तरी व्हावा. विद्यार्थिनीनं मुलाच्या तापाच्या औषधाबद्दल आईला शिकवलं असेल, तर परीक्षकानं त्या आईकडे जावं. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं; सिरपमध्ये तेवढं भरायला कित्येक मिलिलिटर लागतात. आईपुढे दोन्ही बाटल्या ठेवून ‘बाळाला यातलं कोणतं आणि किती द्याल?’ असं विचारावं आणि तिच्या उत्तरावर विद्यार्थिनीचे गुण ठरवावेत.