आखीव गल्ल्यांचा वारसा : जयसिंगपूरची बाजारपेठ

जयसिंगपूर - कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरील जयसिंगपूर स्थानकात उतरलेल्या नवख्या माणसाला जुन्या पेठेत पत्ता शोधणे फारसे जड जात नाही. येथे गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात आणि त्या एकमेकींना समांतर धावतात. वेस, वाडा, नदीचा घाट यांभोवती हळूहळू वाढलेल्या गावांच्या या मुलखात असे आखीव शहर उठून दिसते. मात्र ही आखणी हाच शहराचा सर्वांत मोठा वास्तुवारसा आहे, याची जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

या शहराची उभारणी राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ च्या सुमारास केली. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले महाराज १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. जन्मदाते वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांचे नाव त्यांनी नव्या वसाहतीला दिले. राजस्थानातील सवाई जयसिंगांचे जयपूर (१७२७) हेही आखीव शहर. जयपूरच्या परकोटाच्या शहराला २०१९ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. जयसिंगपूरला राजवाडे आणि तटबंदी नाही. त्याचा नकाशा व्यापाराच्या गरजेतून उमटला आहे.

रेल्वेच्या दारात बाजार

कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. आजचे जयसिंगपूर स्थानक पूर्वी 'शिरोळ रोड' या नावाने ओळखले जाई. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठचा शिरोळचा परिसर सुपीक. परंतु जवळची सांगलीची मोठी पेठ पटवर्धनांच्या संस्थानात होती. कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीत, रेल्वेच्या दारात स्वतःची बाजारपेठ असणे म्हणूनच मोलाचे होते. असा प्रयोग महाराजांनी आधीही केला होता. कोल्हापुरात १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली आणि ती पुढे गुळाच्या व्यापारासाठी नावारूपाला आली.

नवी पेठ म्हणजे बाहेरून आलेल्यांची वस्ती. आसपासच्या गावांतील जैन, लिंगायत, मराठा व मुस्लिम कुटुंबांबरोबर गुजराती, मारवाडी व्यापारीही येथे स्थिरावले. घरात कानडी आणि दुकानात मराठी बोलणारी कुटुंबेही या सीमाभागाला नवी नाहीत. पुढे तंबाखूच्या व्यापाराने शहराचे नाव दूरवर पोचविले.

नकाशा काय सांगतो?

गाव आपोआप वाढते तेव्हा रस्ते पायवाटांमागून जातात. येथे रस्ते आधी आखले गेले आणि घरे नंतर उभी राहिली. शेतमालाने लादलेली बैलगाडी वळू शकेल, स्थानकाकडे विनासायास जाऊ शकेल, हा अशा आखणीचा व्यावहारिक लाभ. पुढे दुकान, मागे कोठार आणि वर किंवा पाठीमागे राहते घर, ही दक्षिण महाराष्ट्रातील व्यापारी पेठांची परिचित रचना अशा लांबट भूखंडांवर सहज बसते. कोपऱ्यावरील दुकानाला दोन रस्त्यांचे तोंड मिळते. सरळ गल्लीत वारा खेळतो आणि आगीच्या प्रसंगी बंबालाही वाट सापडते.

अशा इमारतीकडे पाहताना एखादे भव्य शिल्प शोधण्यात अर्थ नाही. दगडी जोते, लाकडी खांब, कौलारू छप्पर, ओट्यावरची बैठक आणि शेजारच्या घराशी जुळलेली रेषा यांचा एकत्रित परिणाम महत्त्वाचा असतो. एखादे घर पाडले तर एक इमारत जाते. रस्त्याची रेषा मोडली तर संपूर्ण पेठेची ओळख जाते.

जतन कसे व्हावे?

जुन्या घरांच्या मालकांची अडचणही खरी आहे. लाकूड व कौलांची दुरुस्ती महाग, वारसांमध्ये वाटण्या झालेल्या, वाहने लावायला जागा नाही. मग काँक्रीटची इमारत सोयीची वाटते. मुंबईत १९९५ मध्ये वारसा इमारतींसाठी स्वतंत्र नियमावली आली आणि इमारतींची श्रेणीनिहाय यादी करण्याची पद्धत रूढ झाली. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांसाठी २०२० मध्ये लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा जतनाच्या तरतुदी आहेत. यातील महत्त्वाची बाब म्हणजे एकट्या इमारतीप्रमाणेच संपूर्ण परिसरालाही वारशाचे संरक्षण देता येते.

जयसिंगपूरला हाच मार्ग अधिक योग्य ठरेल. प्रत्येक घर जसेच्या तसे राखणे शक्य नाही. परंतु गल्ल्यांची रुंदी, चौकांची मोकळीक, इमारतींची पुढची रेषा आणि निवडक जुनी घरे राखणे शक्य आहे. त्यासाठी पहिली गरज आहे ती गल्लीनिहाय नोंद आणि छायाचित्रांची.

या आखणीला वर्तमानातही मोल आहे. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली, तेव्हा असंख्य कुटुंबांनी जयसिंगपुरात आसरा घेतला. बाहेरून आलेल्यांसाठी वसविलेल्या शहराने शंभर वर्षांनंतरही ते काम चोख बजावले. अशा वेळी मदतीची वाहने दारापर्यंत पोचायची तर गल्ल्या मोकळ्याच असाव्या लागतात.