पिशवीवरची तारीख केव्हा खरी?

बाळाला पोलिओचा डोस पाजायला नेताना लसीच्या बाटलीवरची छोटी खूण पाहिली आहे का? जांभळसर गोलात एक पांढुरका चौकोन असतो. बाटलीला जितकी उष्णता लागते तितका तो गडद होतो, आणि पुन्हा बर्फात ठेवला तरी उजळत नाही. चौकोन गोलाच्या रंगाचा झाला की तारीख शिल्लक असली तरी नर्स ती लस देत नाही. १९९६ पासून पोलिओ लसीवर ही खूण येऊ लागली. यालाच स्मार्ट पॅकेजिंग म्हणतात, म्हणजे आतल्या मालाची हकीकत सांगणारे वेष्टन.

आपल्या दुधाच्या पिशवीवर मात्र फक्त तारीख असते. पिशवी सतत थंड राहिली तरच ती तारीख खरी. पहाटे उतरवलेला क्रेट दुकानाबाहेर उन्हात राहिला, तर तारखेला ते कळत नाही. उबेत काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. काहींचे विष तर उकळूनही जात नाही. म्हणून वास आलेले दूध उकळून लेकरांना देऊ नका.

फ्रिज नसलेल्या घरांनी एवढे पाळावे :

• दूध दुकानातल्या फ्रिजमधलेच मागा. लागेल तेवढेच आणा, आणताच उकळा, झाकून ठेवा.

• 'यूज बाय' तारखेनंतर पदार्थ खाऊ नये. 'बेस्ट बिफोर' ही चव आणि दर्जाची तारीख आहे.

• टेट्रापॅकचे दूध न उघडता बाहेर टिकते. फोडल्यावर ते साध्या दुधासारखेच नासते.

• वेफर्सचे पाकीट नायट्रोजन वायू भरल्यामुळे फुगीर असते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण दूध-पनीरची पिशवी किंवा बंद डबा फुगला असेल तर टाकून द्या.

• पाकिटात सापडणारी छोटी पुडी ओल किंवा हवेतला ऑक्सिजन शोषते. ती खायची नसते, मुलांच्या हाती देऊ नका.

लसीच्या बाटलीवर उष्णतेची खूण असते, मग दुधाच्या पिशवीवर का नसावी? खर्च वाढेल हे खरे. पण ज्या घरात फ्रिज नाही आणि एका जुलाबाने आठवड्याची मजुरी बुडते, त्या घराला ही खूण सर्वांत जास्त हवी. ती मागणी आपण लावून धरू. तोवर दुकानदाराला रोज विचारा, "दादा, पिशवी कुठे ठेवली होती?" हा प्रश्न विचारणे ग्राहक म्हणून आपला हक्क आहे.