विश्लेषण : लाच किती परवडते? प्रवेशातल्या भ्रष्टाचाराचे गणित

सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा केंद्राचा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला. संघटित टोळीने पेपर फोडल्यास ५ ते १० वर्षे कैद आणि किमान १ कोटी रुपये दंड. शिक्षा कडक आहे, यात वाद नाही. पण लाचखोरी समीकरणात मांडली, की शिक्षेपेक्षा दुसराच आकडा जास्त महत्त्वाचा ठरतो. तो म्हणजे पकडले जाण्याची शक्यता.

समीकरण काय सांगते?

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये गुन्ह्याचा हिशेब मांडला. गुन्ह्यातला फायदा एका पारड्यात. शिक्षेचे नुकसान गुणिले पकडले जाण्याची शक्यता दुसऱ्यात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लाच वजा करून वैद्यकीयच्या जागेतून ४० लाखांचा फायदा होतो. पकडले गेल्यास दंड, वाया गेलेली वर्षे मिळून २ कोटींचे नुकसान. शक्यता १ टक्का असेल, तर भीतीची किंमत फक्त २ लाख. शिक्षा दुप्पट केली तरी ४ लाख. सौदा फायद्याचाच! शक्यता २० टक्क्यांवर गेली, की मूळ शिक्षेतही पारडी समसमान होतात. शिक्षा वाढवायला मर्यादा आहे. १ टक्क्याचे २० टक्के करायला बराच वाव आहे.

साथीशी काय संबंध?

भ्रष्टाचार साथीसारखा पसरतो असे आपण सहज बोलतो. गणितज्ञ ते शब्दशः घेतात. साथीचे प्रसिद्ध प्रारूप कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडले. मॅकेंड्रिक भारतीय वैद्यकीय सेवेत होते आणि त्या निबंधात समीकरण पडताळायला वापरलेले आकडे होते मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगबळींचे. हीच चौकट प्रवेशाला लावा : अजून अलिप्त असलेले, साखळीत सामील झालेले आणि पकडून बाहेर काढलेले. सामील झालेला प्रत्येक जण पकडला जाण्याआधी सरासरी एकापेक्षा जास्त जणांना ओढत असेल तर साखळी वाढते, कमी असेल तर विरते. म्हणजे प्रश्न ‘पकडले का?’ एवढाच नाही, ‘किती लवकर?’ हाही आहे.

मध्य प्रदेशातला व्यापमं घोटाळा इथेच बोलका ठरतो. तो २०१३ मध्ये उघड झाला. २००८ ते २०१२ मधल्या ६३४ वैद्यकीय प्रवेशांवर सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा शिक्का मारला तो फेब्रुवारी २०१७ मध्ये. पहिल्या प्रवेशानंतर नऊ वर्षांनी! एवढ्या काळात दलालाच्या दारी किती पालक येऊन गेले असतील?

मग पकडायचे कसे?

व्यापमंमध्ये ‘इंजिन-बोगी’ पद्धत होती. हुशार परीक्षार्थी इंजिन. बैठक क्रमांक जुळवून त्याच्याजवळ बसवलेला गिऱ्हाईक बोगी. अशी जोडी ओळखायला बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेली उत्तरे उपयोगी. दोन हुशार मुलांची बरोबर उत्तरे जुळणारच. पण चार पर्यायांत चुकीचे तीन. दोघेही चुकले, तर योगायोगाने तोच चुकीचा पर्याय निवडण्याची शक्यता ढोबळमानाने एक-तृतीयांश. अशा १५ प्रश्नांत १५ वेळा तेच घडणे म्हणजे सुमारे १ कोटी ४३ लाखांत एकदा. (एखादा फसवा पर्याय सगळ्यांनाच भुरळ घालतो, म्हणून प्रत्यक्षात तो हिशेब वेगळा करावा लागतो.) शेजारच्या जोड्यांची अशी तपासणी संगणक निकालाआधीच करू शकतो.

यातून मिळतो तो संशय, पुरावा नव्हे. लाखो जोड्या तपासल्या तर एखादी निर्दोष जोडीही जाळ्यात सापडेल. म्हणून प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी लागतेच. आणि कोरी ठेवलेली उत्तरपत्रिका नंतर कार्यालयातच कोणी भरली, तर तिथे चुका जुळत नाहीत. हे समीकरण तिथे गप्प बसते. तिथे शोधावे लागते ते उत्तरपत्रिकांच्या पेटीचे कुलूप कोणी, कधी उघडले याच्या नोंदीत.