वर्षाला १९ खोदकामे आहेत का?

१९ हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. घर आणि वाडी मिळून वर्षाला खोदाईची निदान एवढी सुटी कामे निघत असतील, तरच मागे बॅकहो बसवलेल्या छोट्या ट्रॅक्टरचा विचार करावा. त्याहून कमी निघत असतील तर जेसीबी ताशी बोलवावा. दुकानातली चर्चा अश्वशक्तीभोवती फिरते, पण आपले पैसे तासांवर जातात. म्हणून हा आकडा कसा आला ते इथे पायरीपायरीने मांडतो. भाव तुमच्या गावचे घाला, रीत हीच ठेवा.

आधी यंत्र समजून घेऊ. जेसीबीच्या मागे जो खोदणारा हात असतो तो बॅकहो. तसाच, पण लहान हात २०-२५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला मागे आणि माती उचलणारे बकेट (लोडर) पुढे, ही जोडणी अमेरिकेत घराभोवती चार-पाच एकर जागा असणाऱ्यांमध्ये रुळलेली आहे. कुबोटा कंपनीचे तिथले बीएक्स२३एस हे मॉडेल २१.६ अश्वशक्तीचे आहे. त्याचा हात ६ फूट १ इंच, म्हणजे सुमारे १८५ सेंटिमीटर खोल जातो आणि पुढचे बकेट पूर्ण उंचीपर्यंत सुमारे ३३५ किलो उचलते. एवढी खोली कशाला लागते? मिनेसोटाच्या उत्तर भागात हिवाळ्यात जमीन इतकी खोल गोठते की इमारतीचा पाया ६० इंच खाली न्यावा लागतो. तिथल्या माणसाला सहा फूट ही रोजची गरज आहे. कोकणात जमीन गोठत नाही. आपली अडचण वेगळी आहे: जांभा दगड.

आता समोर आपला ओळखीचा जेसीबी उभा करा. त्याचे ३डीएक्स हे मॉडेल साधारण साडेसात टनांचे, हात साडेचार मीटरच्या पुढे जाणारा, मागचे बकेट पाव घनमीटरच्या आसपास. छोट्या ट्रॅक्टरचे एक फुटी बकेट २५ ते ३० लिटर माती धरते, म्हणजे दोन-अडीच घमेली. एका फेरीत आठ-दहा पटींचा फरक पडतो. मऊ मातीत छोटे यंत्र तासाला १२० फेऱ्या आणि फेरीला २५ लिटर धरले तर ३ घनमीटर माती निघते. जेसीबीचे १५० फेऱ्या आणि फेरीला २०० लिटर असे ३० घनमीटर होतात. पुढचा सगळा हिशेब याच दोन आकड्यांवर आहे.

आंब्याचे खड्डे घेऊ. १० बाय १० मीटर अंतराने एकरी ४० कलमे बसतात. खड्डा १ मीटर लांब, रुंद आणि खोल, म्हणजे एकूण ४० घनमीटर. छोट्या यंत्राला नुसती माती काढायला १३ तास लागतात. शिवाय प्रत्येक खड्ड्यापाशी हात मिटायचा, आधाराचे पाय उचलायचे, सीट फिरवून ट्रॅक्टर पुढे घ्यायचा आणि पुन्हा पाय टेकायचे. यात पाच-पाच मिनिटे जातात. सगळे मिळून १७ तास, म्हणजे दोन दिवसांहून जास्त. जेसीबी हेच काम जागा बदलण्यासह चार तासांत उरकतो. त्याचा भाव ताशी १,३०० रुपये धरू, म्हणजे ५,२०० रुपये. छोट्या यंत्राला तासाला अडीच लिटर डिझेल आणि माणसाची मजुरी मिळून ३३० रुपये धरले तर १७ तासांचे ५,६१० रुपये होतात. यंत्राच्या किमतीतला एक रुपयाही यात अजून धरलेला नाही, तरी ते महाग पडले.

शेततळे तर दूरच. ३० बाय ३० बाय ३ मीटरचे, १:१ उताराच्या बाजूंचे तळे खोदले की तळाशी २४ बाय २४ मीटर उरतात आणि माती निघते २,१९६ घनमीटर. जेसीबीला ७३ तास, छोट्या यंत्राला ७३२. रोज आठ तास चालवले तरी तीन महिने, आणि हात तीन मीटरपर्यंत पोचतच नाही. ज्याच्या मनात तळे आहे त्याने हे यंत्र त्यासाठी घेऊ नये.

आता १९ कडे. ट्रॅक्टर तुम्ही तसाही घेणार आहात असे समजू आणि फक्त लोडर व बॅकहोचा वाढीव खर्च मोजू. हिशेबापुरते ४ लाख धरू. दहा वर्षांनी त्याचे १ लाख २० हजार आले तर दरवर्षी २८,००० रुपये झीज. गुंतलेल्या सरासरी २ लाख ६० हजारांवर ८ टक्क्यांनी व्याज २०,८०० रुपये. ग्रीस, होज पाइप, पिना, बुश यांचे १२,००० रुपये. बेरीज ६०,८०० रुपये. यंत्र शेडमध्ये उभे असले तरी यातला मोठा भाग जातोच.

भरून काय निघते? छोटे काम असले तरी जेसीबी येण्याजाण्यासह निदान तीन तासांचे पैसे घेतो असे धरा, म्हणजे ३,९०० रुपये. तेच काम घरच्या यंत्राने दोन तासांत झाले तर खर्च ६६० रुपये. एका कामामागे ३,२४० रुपये वाचतात. ६०,८०० भागिले ३,२४० म्हणजे १८.८. म्हणून १९.

यातली कळीची बाब जेसीबीचे किमान भाडे ही आहे. शेजारच्या वाडीतच जेसीबी असेल आणि मालक एका तासाचे पैसे घेऊन येत असेल, तर वाचतात फक्त ६४० रुपये आणि १९ च्या जागी ९५ कामे लागतात. उलट जुनी जोडणी ३ लाखांत मिळाली तर ४५,६०० रुपये वार्षिक खर्च धरून १४-१५ कामे पुरतात. त्यामुळे डीलरकडे जाण्याआधी गावातल्या जेसीबीवाल्याशी बोलून घ्यावे.

तरीही छोट्या यंत्राची बाजू मी पोटतिडकीने मांडेन, कारण पैशांत न मावणारे नुकसान मी पाहिले आहे. विहिरीपासून घरापर्यंत ६० मीटर पाइप टाकायचा होता. महिना जानेवारी, कलमे मोहोरलेली. जेसीबी पाणंदीतून आत यायचा म्हणून गडग्याचे चार चिरे काढावे लागले. चर फूटभर रुंद पुरला असता, पण त्याचे बकेट दोन फुटी, म्हणून दुप्पट माती निघाली. वळताना मागचा हात एका हापूसच्या फांदीला लागला आणि मनगटाहून जाड फांदी मोहोरासकट खाली आली. ऑपरेटर खाली उतरला, फांदी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "काका, इथं दुसरीकडून वळायला जागाच नाय." खरेच नव्हती. चार फूट रुंदीचा ट्रॅक्टर त्याच वाटेने सहज गेला असता. फूटभर रुंद, दोन फूट खोल चराची माती होते जेमतेम ११ घनमीटर. जागा बदलण्यासह पाच तास, १,६५० रुपये. अशा कामात जेसीबी त्याच्या तोडीचा नाही.

पण हे मऊ मातीत. जांभ्यात गणित कोलमडते. खोदण्याचा जोर इंजिनापेक्षा वजनावर अवलंबून असतो. बकेटचे दात कठीण थरात अडकले की हात ओढतो जमिनीला आणि उचलला जातो ट्रॅक्टर. टनभर वजनाच्या यंत्राचे आधाराचे पाय घसरतात, पुढची चाके जमीन सोडतात आणि दात नुसते खरवडत राहतात. तासाला ३ घनमीटरचे १ झाले तर नवल नाही. सड्यावर, जिथे वीतभर मातीखाली सलग कातळ आहे, तिथे ब्रेकर लावलेले जड यंत्रच लागते. म्हणून घेण्याआधी पहारीने चार ठिकाणी जमीन ठोकून पाहावी. पहार फूटभर जाण्याआधी खणकली तर पैसे घरी ठेवावेत.

एक गोष्ट जिवाची आहे. ओली माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या घरात भरते. चराची कड ढासळली तर छातीवर येणारे वजन हातांनी उपसता येत नाही. अमेरिकेतल्या नियमानुसार पाच फूट किंवा त्याहून खोल चरात, सलग कातळ नसेल तर, संरक्षक व्यवस्थेशिवाय कामगाराला उतरवता येत नाही. आपणही तो नियम पाळावा. उतारावर पुढचे भरलेले बकेट उंच ठेवून चालवू नये. डोक्यावरची संरक्षक कमान अडते म्हणून काढून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांना हात जोडून सांगतो की ती परत बसवा आणि सीटचा पट्टाही लावा.

बॅकहोविना नुसत्या छोट्या ट्रॅक्टरचा हिशेब मात्र वेगळा आणि बराच बरा आहे. फवारणी, गवतकापणी, ट्रॉली, रोटाव्हेटर यांत त्याचे तास बारा महिने भरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जेसीबीसारखी मातीकामाची यंत्रे मात्र १८ टक्क्यांतच आहेत. म्हणून कोटेशन घेताना ट्रॅक्टर, लोडर आणि बॅकहो यांच्या किमती आणि कर वेगवेगळ्या ओळींत लिहून मागावेत. एकच गोळा रक्कम असेल तर १९ काढताच येत नाही.

माझ्या वहीत गेल्या वर्षीच्या पानावर सात कामे आहेत: पाइपाचा चर, शोषखड्डा, गोठ्याचा पाया, दोन मेलेल्या माडांचे बुंधे, व्हाळाचा गाळ, विजेच्या केबलचा चर आणि बांध. सातला बॅकहो परवडत नाही. ट्रॅक्टर घेतला, मागचा हात घेतला नाही. केबलच्या चरासाठी भाड्याचा पट्ट्यांवरचा मिनी एक्सकॅव्हेटर बोलावला, तो कलमांच्या रांगांमधून निघून गेला. पुढचा चर मोहोर येण्याआधी, ऑक्टोबरच्या शेवटी, माती ओलसर असतानाच खोदायचा, असे त्याच पानावर खाली लिहिले आहे.