छायाचित्रावर अभिप्राय द्यावा कसा?

निसर्गाची छायाचित्रे काढण्याचा छंद मोबाईलमुळे आता प्रत्येकाच्या खिशात आला आहे. पावसाळ्यात गोकाकचा धबधबा पाहून आलेला मित्र दहा-वीस छायाचित्रे दाखवतो आणि आपण 'छान!' म्हणून मोकळे होतो. त्याने मन राखले जाते, पण चित्र सुधारत नाही. उलट नाक मुरडले तर नवखा माणूस छंदच सोडून देतो. मग मधली वाट कोणती?

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना लेखापरीक्षणाचे उदाहरण चटकन सुचते. लेखापरीक्षक खातेवहीला चांगली-वाईट म्हणत नाही; नोंद पावतीशी ताडून पाहतो आणि फरक नेमका दाखवतो. अभिप्रायही तसाच असावा. मित्राला काय दाखवायचे होते, हे प्रथम विचारावे. मग आपली नजर प्रत्यक्षात कोठे गेली, ते सांगावे. शेवटी हा फरक का पडला आणि तो कसा दूर होईल, ते सुचवावे.

गोकाकचेच घ्या. घटप्रभेचे पाणी तेथे सुमारे ५२ मीटर, म्हणजे १७० फूट खाली कोसळते. मित्राला ती उंची दाखवायची असते. पण चौकटीत केवळ पाणी आणि खडक असतील, तर धबधबा दहा फुटांचा की शंभर, हे कळत नाही. डोळ्याला माप लागते. अशा वेळी 'काही मजा नाही' म्हणण्यापेक्षा 'झुलता पूल किंवा कठड्याच्या आत उभी असलेली माणसे चौकटीत घे' असे सांगावे.

सूचना करताना एक भेद ध्यानात ठेवावा. क्षितिज कलले असेल किंवा कडेला नको ती फांदी आली असेल, तर घरी बसून दुरुस्ती होते. परंतु फेसाळ पाणी अगदी पांढरेफटक झाले असेल, तर त्यातले गेलेले बारकावे परत येत नाहीत. चित्र घेतानाच पडद्यावर पाण्याच्या जागी बोट टेकवून उजेड कमी करावा लागतो. तसेच खडकांचे कंगोरे दुपारच्या उन्हात सपाट दिसतात. त्यासाठी सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पुन्हा जावे लागते.

ऐकणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. 'त्या दिवशी ढग होते' हे समर्थन चित्रासोबत प्रत्येकाकडे जात नाही. सर्वच सूचना मानाव्यात असे नाही. पण तिघांची नजर एकाच जागी अडखळली, तर तेथे पुन्हा पाहावे. विख्यात अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला. पुढे अनेक वर्षे ते त्याच निगेटिव्हच्या नव्या प्रती काढत राहिले आणि आकाश अधिकाधिक गडद करत गेले. एवढ्या मोठ्या कलावंतालाही स्वतःचे चित्र पुन्हा तपासावेसे वाटले, मग आपण का संकोच करावा?

तेव्हा मित्रहो, यापुढे 'छान' म्हणायचेच असेल, तर त्याला 'कारण' हा शब्द जोडून पाहा. पुढचे वाक्य आपोआप उपयोगाचे होईल.