दाराचं रबर बदला, बियाणं वाचवा

नळदुर्गच्या बाजारातून जीपमध्ये बियाणं-खत घालून वस्तीवर नेताना पाऊस गाठतोच. दाराचं रबर चिरलेलं असलं की पाणी झिरपतं, खालच्या पोत्याला ओल धरते. युरियाचे खडे होतात, सोयाबीनची उगवण घटते.

तपासणी सोपी आहे. कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज निघाली, तर तिथं रबर बसत नाही. जुनं रबर काढा, चिकटलेला गोंद खरवडा, गंज घासून रंग लावा. नवं रबर ताणू नका. ताणलेलं पुढं आखडतं अन् कोपरे उघडे पडतात. जोड खालच्या बाजूला घ्या. दाराच्या तळाची भोकं बुजवू नका. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं. शेवटी एकानं आत बसावं, दुसऱ्यानं वरून पाणी ओतावं.

बियाण्याला ओल लागल्याचा संशय असेल, तर १०० दाणे ओल्या गोणपाटात उगवून पाहा. ७० पेक्षा कमी उगवले, तर पेरताना बियाण्याचं प्रमाण वाढवा.

मात्र हे रबर पावसासाठी आहे, पुरासाठी नव्हे. बोरी नदीचा पूर किल्ल्यातला पाणीमहाल अंगावर घेतो, कारण तो दगडी बंधाऱ्याच्या पोटात आहे. आपली जीप पत्र्याची. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर गाडी अलीकडंच थांबवा. ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी मंडळींनीही हेच करावं. बियाणं पुन्हा आणता येतं, माणूस नाही.