गॅरेज म्हणजे पार्किंग नव्हे

शाळेत इंग्रजी शिकताना समानार्थी शब्दांच्या जोड्या पाठ करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. 'हाऊस' म्हणजे घर आणि 'होम' म्हणजेही घर, एवढे वहीत उतरले की शिक्षकांचे व विद्यार्थ्यांचे समाधान होते. परीक्षेपुरते ते पुरेसेही असते. परंतु दोन नामांचा अर्थ जवळचा असणे निराळे आणि एकच असणे निराळे. व्यवहारात हे अंतर कित्येकदा चौरस फुटांत आणि रुपयांत मोजावे लागते. मुंबईच्या उपनगरातील एका खटल्याने ते ठळकपणे दाखवून दिले आहे.

'गॅरेज' आणि 'पार्किंग' या दोन शब्दांचा अर्थ विचारला, तर 'गाडी ठेवण्याची जागा' असेच उत्तर बहुधा मिळेल. महाराष्ट्रातील सदनिकांच्या मालकीविषयीच्या १९६३ च्या कायद्यात 'फ्लॅट' या संज्ञेच्या व्याख्येत गॅरेजचा समावेश आहे. साहजिकच इमारतीच्या तळाशी, खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेला 'गॅरेज' म्हणता आले, तर ती सदनिकेप्रमाणे स्वतंत्रपणे विकण्याचा मार्ग खुला होत होता. दहिसर येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था आणि विकासक नहालचंद लालूचंद यांच्यातील वाद नेमका याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

न्या. आर. एम. लोढा व न्या. ए. के. पटनाईक यांच्या पीठाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी त्याचा निकाल दिला. गॅरेजमध्ये गाडी ठेवता येते, म्हणून गाडी ठेवता येईल अशी प्रत्येक जागा गॅरेज ठरत नाही, हे निकालाचे सूत्र होय. सदनिका घेणाऱ्या सामान्य माणसाला 'गॅरेज' या शब्दातून जे अभिप्रेत असते, ते न्यायालयाने प्रमाण मानले. त्याच्या मनात छप्पर असते, तसेच भिंतीही असतात. खांबांमधील उघडी जागा ही सर्व रहिवाशांच्या सामाईक सोयींचा भाग ठरली आणि ती निराळी विकण्याचा अधिकार विकासकाला नाही, हे स्पष्ट झाले. पुढे स्थावर संपदेविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय कायद्याने छप्पर व तीन बाजूंना भिंती ही गॅरेजची व्याख्याच लिहून ठेवली.

हीच गोष्ट क्षेत्रफळाची. 'कार्पेट', 'बिल्ट-अप' आणि 'सुपर बिल्ट-अप' हे शब्द बोरिवली-मुलुंडच्या घरोघरी परिचित आहेत. २०१६ च्या कायद्यानुसार कार्पेट क्षेत्रात घरातील आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती आणि सज्जा धरला जात नाही. बिल्ट-अपमध्ये भिंतींची जाडी मिळवतात आणि सुपर बिल्ट-अपमध्ये जिना, लिफ्ट यांसारख्या सामाईक जागांचा वाटाही मिसळतात. खोली तीच राहते, आकडा मात्र वाढत जातो. मराठीतही घोटाळा कमी नाही. कार्पेट क्षेत्राला आपण 'चटई क्षेत्र' म्हणतो, तर 'चटई क्षेत्र निर्देशांक' हा शब्द भूखंडावर किती बांधकाम करता येईल ते सांगणाऱ्या निराळ्याच मापासाठी वापरतो.

यावर उपाय अवघड नाही. दोन जवळचे शब्द समोर आले, की त्यांतील साम्य क्षणभर बाजूला ठेवावे आणि एका शब्दात असे काय आहे, जे दुसऱ्यात नाही, हे विचारावे. 'पझेशन' म्हणजे ताबा, 'ओनरशिप' म्हणजे मालकी. किल्ली हाती आली म्हणजे मालकी आली असे नव्हे. शिक्षकांनी वर्गात जोड्यांबरोबर हा फरकही शिकवावा. कचेरीत मसुदा करणाऱ्याने सवयीने हाताशी येणाऱ्या शब्दापेक्षा नेमका शब्द शोधावा. आयुष्यभराची पुंजी ज्या कागदावर सही करून आपण दुसऱ्याच्या हाती देतो, त्या कागदावरील प्रत्येक नामाचा अर्थ सहीच्या आधी कळला पाहिजे. तो पुढे न्यायालयाकडून समजून घेण्यात पैसा जातो आणि वर्षेही जातात.